छबिलदासची गल्ली आणि न्यू ब्रन्सविकची तळघरं

"बाबा, पत्ता कुणाला फॉरवर्ड करायचा नाही हं!"

गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी माझ्या मुलीनं मला असं बजावलं आणि मी कुठल्या तरी गुप्त कटात सामील होतोय की काय, असं मला वाटायला लागलं. प्रकरण तसं साधं होतं. लेक रटगर्सला दुसऱ्या वर्षाला आहे. आठ वर्षं आम्ही तिला दर रविवारी तबल्याच्या क्लासला नेलं-आणलं. कॉलेजात गेल्यावर बाईसाहेबांनी तबला कपाटावर ठेवला आणि चार मैत्रिणींच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायला सुरुवात केली. त्या बँडचा कार्यक्रम न्यू ब्रन्सविकमधल्या एका भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये होता. तिकीट नाही, जाहिरात नाही, दारावर पाटी नाही. दाराशी एक डबा ठेवलेला, त्यात जमतील तेवढे डॉलर टाकायचे.

आयसेलिनच्या मेट्रोपार्कहून न्यू ब्रन्सविक हे गाडीनं तिसरं स्टेशन. मेटचन, एडिसन, की आलंच. त्या पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासात मला दोन जुन्या गोष्टी आठवल्या. एक माझ्या मामाची आणि दुसरी माझी स्वतःची. माझी फारशी अभिमानाची नाही, म्हणून ती शेवटी सांगतो.

शेजारच्या गावी जन्मलेला प्रतिस्पर्धी

आपण आयसेलिनकर ओक ट्री रोडवर साड्या, मिठाई आणि पाणीपुरी शोधत फिरतो, पण तिथून हाकेच्या अंतरावर काय घडलं होतं ते सहसा ध्यानात येत नाही. मेन्लो पार्क हे आपलं अगदी शेजारचं गाव. थॉमस एडिसननं १८७६ साली तिथं प्रयोगशाळा थाटली आणि १८७७ मध्ये कथलाच्या पत्र्यावर स्वतःचा आवाज पकडून तो पुन्हा ऐकवणारं यंत्र तयार केलं. तोच फोनोग्राफ. पुढे १९५४ मध्ये त्या टाउनशिपनं एडिसनचंच नाव घेतलं.

त्या दिवसापर्यंत गाणं म्हणजे समोर बसून ऐकायचं गाणं. दुसरा प्रकारच नव्हता. आज आपण कौतुकानं 'लाइव्ह' कार्यक्रम म्हणतो, त्या शब्दाची गरज या यंत्रामुळे पडली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनी कलकत्त्याला पोचली, गौहर जानचं गाणं तबकडीवर चढलं आणि हळूहळू आपल्या नाट्यपदांच्या तबकड्याही घरोघरी वाजू लागल्या. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला आणि मोठमोठ्या नाटक कंपन्यांचे तंबू डळमळले. म्हणजे जिवंत कलेचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आपल्या शेजारी जन्माला आला म्हणायचा!

गंमत अशी, की त्याला सर्वांत चिवट उत्तरही इथून आठ-दहा मैलांवरच मिळालं.

गाव छोटं, आवाज मोठा

न्यू ब्रन्सविक हे जेमतेम ५५ हजार वस्तीचं शहर. एका बाजूला रटगर्स, दुसऱ्या बाजूला १८८६ मध्ये तिथंच सुरू झालेली जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी. १९७० च्या दशकात शहराला उतरती कळा लागली होती. मध्यमवर्ग उपनगरात निघून गेला होता, दुकानं बंद पडत होती. पण रिकामी दुकानं म्हणजे स्वस्त जागा! १९७४ मध्ये जॉर्ज स्ट्रीट प्लेहाउस हे नाटकघर सुरू झालं, ते एका बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये. १९७८ मध्ये रिकार्डो खान आणि एल. केनेथ रिचर्डसन या दोन तरुणांनी कृष्णवर्णीयांचं 'क्रॉसरोड्स थिएटर' काढलं, ते शिवणकामाच्या एका जुन्या कारखान्यात. जॉर्ज सी. वुल्फचं 'द कलर्ड म्युझियम' हे नाटक १९८६ मध्ये प्रथम तिथंच झालं. कृष्णवर्णीय समाजाच्या प्रतिमांची त्यात अशी काही खिल्ली उडवली होती की गोरे आणि काळे दोघेही अस्वस्थ झाले. १९९९ मध्ये याच संस्थेला उत्तम प्रादेशिक नाट्यसंस्थेचा टोनी पुरस्कार मिळाला.

संगीताची कथाही अशीच. चर्च स्ट्रीटवर 'कोर्ट टॅव्हर्न' नावाचा एक साधा बार होता. १९८० च्या दशकापासून त्याच्या तळघरात बँड वाजू लागले. आपल्या शेजारच्या कार्टरेटचा 'स्मिदरीन्स' हा पुढे नावाजलेला बँड तिथं वाजवून मोठा झाला. फ्रेंच स्ट्रीटवर 'मेलडी बार' होता. पण एक अडचण होती. १९८३ पासून न्यू जर्सीत दारू पिण्याचं किमान वय २१ झालं. कॉलेजातली निम्मीअधिक पोरं बारच्या दाराबाहेर! मग त्यांनी आपली भाड्याची घरं उघडली. भिंतींना जुन्या गाद्या आणि गालिचे लावायचे, वॉशिंग मशीन कोपऱ्यात ढकलायचं, एक ध्वनिक्षेपक आणायचा आणि गावोगाव फिरणाऱ्या बँडला पेट्रोलपुरते पैसे डब्यातून जमवून द्यायचे. १९९७ मध्ये स्थापन झालेला 'थर्सडे', २००५ चा 'स्क्रीमिंग फीमेल्स', २००६ चा 'गॅसलाइट अँथम' ही सगळी याच गावची पिकं.

असं फक्त न्यू ब्रन्सविकमध्येच झालं असंही नाही. समुद्रकाठच्या अॅस्बरी पार्कला १९६८ मध्ये बुटांच्या दुकानावरच्या माळ्यावर 'अपस्टेज' नावाचा क्लब निघाला. तिथं पहाटेपर्यंत वाजवत बसणाऱ्या पोरांत ब्रूस स्प्रिंगस्टीन होता. क्लब जेमतेम तीन वर्षं चालला, १९७१ मध्ये बंद पडला. पण त्या तीन वर्षांच्या शिदोरीवर त्या गावाचं नाव आजही टिकून आहे.

दादरचं तळघर वरच्या मजल्यावर होतं

आता मामाची गोष्ट. मामा बँकेत नोकरीला आणि मुक्काम डोंबिवलीला. पण संध्याकाळ झाली की त्याचे पाय दादरला, छबिलदासच्या गल्लीकडे वळत. वडा खाण्यासाठी नव्हे, म्हणजे निव्वळ वड्यासाठी नव्हे! छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटक असायचं. मामाला अभिनय येत नव्हता. तो दिवे उचलायचा, खुर्च्या मांडायचा आणि शेवटच्या लोकलनं घरी यायचा. आजी म्हणायची, "बँकेत साहेब आणि तिथं हमाल!"

त्या सभागृहाचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींनी 'रंगायन' सुरू केलं. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे त्याच संस्थेनं १९६७ मध्ये केलं. पुढे रंगायन फुटलं आणि १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढली. सुलभाताई एके काळी छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. १९७४ पासून आविष्कारचे प्रयोग त्या शाळेत होऊ लागले आणि बघता बघता तो हॉल इतर संस्थांचंही घर झाला. व्यावसायिक नाट्यगृहाचं भाडं ज्यांना परवडत नव्हतं, ज्यांच्या नाटकाला पन्नास माणसं येतील की पाच याची खात्री नव्हती, ते सगळे तिथं आले. तिला पुढे 'छबिलदास चळवळ' असंच नाव पडलं. तो पडदा सरकवणारा थाटाचा रंगमंच नव्हता, शाळेचा हॉल होता. प्रेक्षक इतके जवळ, की नटाला खोटं बोलायची सोय नाही.

पुण्यात तर जागा असूनही नाटक अडलं होतं. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' आलं आणि वाद पेटून १९ प्रयोगांनंतर थांबलं. संस्थेनं हात वर केल्यावर त्या तरुण मंडळींनी १९७३ मध्ये स्वतःची 'थिएटर अकॅडमी' काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. आज तेच 'घाशीराम' आपण मराठी रंगभूमीचं भूषण म्हणून मिरवतो. त्या वेळी मात्र ते अनेकांना नकोसं होतं, हे विसरता कामा नये.

आणि ही सगळी पश्चिमेची नक्कल होती, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्याच न्यू जर्सीत, नेवार्कला जन्मलेला आणि पॅटर्सनला वाढलेला कवी अॅलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला आणि तिथल्या तरुण कवींमध्ये वावरला. पण त्याच्या आधीच, १९५५ मध्ये, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या पिढीनं 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढलेलं होतं. प्रकाशक दारात उभं करत नाहीत ना, मग आपणच छापू! तळघरात वाजवणाऱ्या पोरांचा बाणा याहून वेगळा काय आहे?

मी एकदा मामाला विचारलं होतं, "एवढं काय होतं रे त्या हॉलमध्ये?" त्यानं विचार करून सांगितलं, "अरे, तिथं नाटक पडायची भीती नव्हती. पडलं तर पडलं. पुढच्या महिन्यात दुसरं." हे वाक्य मला तेव्हा अगदीच किरकोळ वाटलं होतं. आता वाटतं, सगळा इतिहास त्यात आहे. बंडखोर कलेला आधी अनुदान लागत नाही, प्रसिद्धी तर नाहीच नाही. एक स्वस्त जागा लागते आणि 'नाही' न म्हणणारा एक किल्लीवाला लागतो.

जागा जाते तेव्हा

म्हणूनच जागा गेली की काय होतं तेही पाहायला हवं. १९९० च्या सुमारास छबिलदासचं पर्व संपलं. आविष्कार माहीमच्या म्युनिसिपल शाळेत गेली आणि तिथंही नेटानं काम करत राहिली. पण दहा संस्थांनी एका छपराखाली एकमेकांची नाटकं पाहायची आणि जिन्यात उभं राहून भांडायचं, ते वातावरण पुन्हा तसं जमलं नाही.

न्यू ब्रन्सविकमध्ये २००१ मध्ये मेलडी बार बंद झाला. कोर्ट टॅव्हर्नच्या आजूबाजूला उंच इमारती उठल्या. २००९ मध्ये तो बार कर्जात बुडू लागला, तेव्हा खुद्द पॅटी स्मिथ त्याच्या मदतीसाठी स्टेट थिएटरमध्ये गायला आली. तरीही २०१२ मध्ये त्याचं दार बंद झालं. मधे काही वर्षं ते पुन्हा उघडलं, पण टिकलं नाही. उलट बाजूही सांगायला हवी. १९२१ चं स्टेट थिएटर १९८८ मध्ये दुरुस्त होऊन नव्या दिमाखात उघडलं, आणि २०१९ मध्ये लिव्हिंग्स्टन अॅव्हेन्यूवर नवं कलाकेंद्र उभं राहिलं. जॉर्ज स्ट्रीट प्लेहाउस आणि क्रॉसरोड्स दोघंही आता तिथं आहेत. सुपरमार्केट आणि कारखान्यात जन्मलेल्या संस्था काचेच्या इमारतीत सुखानं नांदतात, याचा आनंदच आहे. पण पुढची क्रॉसरोड्स कुठल्या कारखान्यात जन्मणार? गावात स्वस्त जागाच उरली नाही तर? सध्या तरी तिचं उत्तर त्या तळघरांकडे आहे.

आता माझी गोष्ट

२००१ मध्ये मी एमएस करायला याच गावात आलो. पाच जण मिळून एका घरात राहायचो. शेजारच्या घरात महिन्यातून दोनदा तरी धडधडाट व्हायचा. २००२ च्या मे महिन्यात, डेटाबेसच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, मी वैतागून पोलिसांना फोन केला. दोन अधिकारी आले, दहा मिनिटांत सगळं शांत झालं. मी खिडकीतून पाहिलं, तर लांबचा पल्ला मारून आलेली चार पोरं गुपचूप आपली वाद्यं व्हॅनमध्ये भरत होती. परीक्षा उत्तम गेली. त्या घरात पुन्हा कधी कार्यक्रम झाला नाही.

दुसरी चूक याहून अलीकडची. मी आपल्यासारख्याच एका मंडळाच्या कार्यकारिणीत होतो. तीन तरुण मुलं तेंडुलकरांच्या एका नाटकाचं वाचन करू म्हणून आली. मी म्हटलं, "छान कल्पना आहे, पण प्रायोजक काय म्हणतील? शिवाय आपला प्रेक्षक कौटुंबिक आहे." त्या तारखेला आम्ही गाण्यांचा वाद्यवृंद ठेवला. हॉल भरला. ती मुलं मात्र मंडळात परत दिसली नाहीत. म्हणजे आयुष्यात दोनदा किल्ली माझ्या हातात आली आणि दोन्ही वेळा मी कुलूपच लावलं.

त्या शनिवारी तळघरात चाळीसेक पोरं दाटीवाटीनं उभी होती. लेकीनं मला कानात घालायला स्पंजचे बोळे दिले. पहिलं गाणं मला कळलं नाही, दुसरंही नाही. तिसऱ्या गाण्यात तिनं मधेच एक तिहाई घेतली, नेमकी समेवर आली आणि माझ्याकडे पाहून हसली. आठ वर्षांची ने-आण वसूल झाली!

परतताना गाडीत मी तिला २००२ चा तो फोन सांगून टाकला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, आपलं बेसमेंट रिकामंच असतं ना?"

रिकामं नव्हतं. गणपतीचं मखर, मंडळाचे बॅनर, तीन मोडकी सूटकेस आणि न वापरलेलं व्यायामाचं सायकलयंत्र होतं. मार्चमध्ये ते सगळं गॅरेजमध्ये हलवलं. त्यानंतरच्या एका रविवारी 'शांतता! कोर्ट चालू आहे' चं वाचन झालं. बावीस माणसं आली. दोघं मध्यंतरात उठून गेली, आणि एका काकांनी शेवटी अर्धा तास वाद घातला. पोहे पुरले, चहा कमी पडला. त्या तीन मुलांपैकी दोघं आली होती. तिसरा आता टेक्सासला असतो.

मंडळी, आपल्या वार्षिक कार्यक्रमात भारतातून गाजलेली नाटकं जरूर यावीत. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराखाली एक छबिलदास बंद पडून आहे. एखादं नाटक तिथं पडलं, तर काही बिघडत नाही. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा, आणि जमल्यास त्यांनाही बोलवा.