बालचंदर आणि ‘क्रमशः’चे तत्त्व

के. बालचंदर (१९३०–२०१४) ह्यांच्या कारकीर्दीचे चित्रपट व दूरचित्रवाणी असे दोन भाग पाडून दुसऱ्यास उत्तरायुष्यातील जोडकाम समजण्याकडे सामान्यतः कल दिसतो. ही विभागणी कालक्रमास धरून असली तरी त्यांच्या रचनापद्धतीचा विचार करता ती टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बालचंदर मूळचे नाटककार. मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरी करीत असताना त्यांनी हौशी रंगभूमीसाठी लेखन केले. १९६५ मध्ये त्यांनी दिग्दर्शिलेला पहिला चित्रपट ‘नीर्कुमिळि’ त्यांच्याच नाटकावरून घेतलेला असून तो रुग्णालयाच्या चार भिंतींत घडतो. मोजक्या खोल्या, सतत येणारीजाणारी माणसे आणि संवादातून पुढे सरकणारा पेच ही सामग्री त्यांस रंगभूमीने दिली, व तीच पुढे त्यांच्या मध्यमवर्गीय कुटुंबचित्रणाचा पाया झाली.

ह्या दृष्टीने १९७४ चा ‘अवळ् ओरु तोडर्कदै’ निर्णायक होय. ‘तोडर्कदै’ म्हणजे नियतकालिकातून क्रमशः येणारी कथा; ‘ती एक क्रमशः कथा’ हा शीर्षकाचा सरळ अर्थ. एकटीच्या मिळकतीवर मोठे कुटुंब पोसणारी कविता ही तिची नायिका. ऋत्विक घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’शी (१९६०) तुलना येथे अपरिहार्य ठरते. घटकांची नीता क्षयाने खचते, आणि तिचे ओझे आता दुसरी कोणी वाहते आहे हे एका अनोळखी मुलीच्या तुटलेल्या चपलेवरून सुचवले जाते. बालचंदर नायिकेस मरणाचीही सुटका देत नाहीत. भावाच्या मृत्यूनंतर कविता स्वतःच नित्याप्रमाणे कामावर निघते. घटकांच्या शेवटात शोकान्तिकेची भव्यता आहे. येथे केवळ दुसरा दिवस उजाडतो, आणि तो अधिक निष्ठुर आहे.

सारांश, मालिकेचे तत्त्व त्यांच्या चित्रपटात मालिकांच्या पूर्वीच आलेले होते. कमल हासन व रजनीकांत ह्यांना घडविणारा दिग्दर्शक एवढ्याच नात्याने त्यांचे स्मरण करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. कोमल स्वामिनाथन ह्यांच्या नाटकावरील ‘तण्णीर् तण्णीर्’ (१९८१) मात्र ह्या चौकटीत बसत नाही. तेथे पाण्यासाठी झगडणारे अख्खे गावच नायक आहे. त्याच वर्षीचा, गोव्यात घडणारा हिंदी ‘एक दूजे के लिये’ तर नायकनायिकांच्या मृत्यूने कथा कायमची मिटवतो.

१९९० च्या सुमारास ‘रेल स्नेहम्’पासून ते मालिकांकडे वळले. पैकी अभ्यासकाने प्रथम पाहावी ती ‘सहाना’. १९८५ च्या ‘सिंधु भैरवि’च्या शेवटी सिंधु आपले मूल गायकाच्या पत्नीच्या हाती सोपवून निघून जाते. चित्रपट तेथे थांबला. ‘सहाना’ने सुमारे अठरा वर्षांनी तीच कथा पुढे चालू केली.