जठराग्नि आणि त्याचा आवर

महाराष्ट्रांत एखाद्यानें लग्नाच्या पंगतींत चार घांस अधिक घेतले आणि रात्रीं छातींत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशीं आलें, तर घरांतील वडील माणसें "पित्त झालें" एवढेंच म्हणतात. पूर्वीं अशा वेळीं थंड दूध देत, किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यांतून देत. आज उशाजवळच्या डबींतून एक गोळी निघते. ही गोळी इतकी परिचयाची झाली आहे कीं, ती आली कोठून, ती करते काय आणि ती किती दिवस घ्यावी, हे प्रश्न सहसा कोणास पडत नाहींत. या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तिच्या इतिहासांत आहेत.

आपल्या वैद्यकास हा विकार नवा नव्हता. माधवनिदानांत 'अम्लपित्त' या विकाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यावर वैद्य शंखभस्म देत. शंख हा मूळचा चुन्याच्या जातीचा पदार्थ, आणि चुना आम्लाचें बळ मोडतो. अर्थात् उपाय अनुभवानें हातीं लागला होता. परंतु पोटांतील आम्ल कोणतें, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकांत झाला. इ. स. १८२३ च्या डिसेंबरांत विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें दाखवून दिलें कीं, ससा, कुत्रा इत्यादि प्राण्यांच्या जठरांत आढळणारें आम्ल हें हायड्रोक्लोरिक आम्लच होय. इतकें दाहक द्रव्य जिवंत शरीर स्वतः निर्माण करतें, ही गोष्ट त्या काळच्या पुष्कळ विद्वानांस पटेना.

त्याच सुमारास अमेरिकेंत एका अपघातानें जठराची जणूं खिडकीच उघडली होती. ६ जून १८२२ रोजीं मॅकिनॅक बेटावरील एका लोकरी कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या दुकानांत बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सी सेंट मार्टिन नांवाच्या तरुण मजुराच्या पोटास मोठी जखम झाली. लष्करी वैद्य विल्यम बोमाँट यानें त्याचे प्राण वाचविले. परंतु जठरास पडलेलें भोंक कधींच बुजलें नाहीं. बोमाँटनें रेशमी दोऱ्यास अन्नाचे तुकडे बांधून त्या भोंकांतून आंत सोडले, ठराविक वेळानें बाहेर काढले, आणि कोणतें अन्न किती वेळांत विरघळतें याची नोंद वर्षानुवर्षें ठेवली. मनुष्य संतापला म्हणजे त्याचें पचन बिघडतें, हेंही त्यानें पाहिलें. त्याचा ग्रंथ १८३३ सालीं प्रसिद्ध झाला. मजूर मात्र या प्रयोगांस कंटाळून वरचेवर घरीं निघून जाई. बोमाँट १८५३ सालीं वारला. सेंट मार्टिन १८८० पर्यंत जगला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचें शव डॉक्टरांच्या हातीं लागूं नये म्हणून कुटुंबीयांनीं मुद्दाम खबरदारी घेतली. शास्त्राचा लाभ कोणाच्या शरीराच्या मोलानें झाला, हें विसरणें योग्य नव्हे.

आम्ल कळलें, तेव्हां त्यास मारणारे क्षार पुढें आले. १८२९ मध्यें आयर्लंडांतील जेम्स मरे या वैद्यानें तेथील लॉर्ड लेफ्टनंटास पातळ मॅग्नेशिया दिला. १८७३ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स फिलिप्स यानें 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' या दुधासारख्या पांढऱ्या औषधाचें पेटंट घेतलें. या क्षारांनीं आराम लवकर पडतो, पण तो फार टिकत नाहीं. शिवाय मॅग्नेशियानें जुलाब होतात, तर ॲल्युमिनियमच्या क्षारांनीं मलावरोध होतो. म्हणून पुढें दोन्ही एकत्र करण्याची पद्धत पडली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जठरव्रणाचें सारें खापर आम्लावर फुटलें. १९१० सालीं कार्ल श्वार्झ यानें 'आम्ल नाहीं तर व्रण नाहीं' असा सिद्धांत मांडला. १९१५ सालीं शिकागोच्या बर्ट्रम सिपी यानें रोग्यास दर तासास दूध, साय आणि मधूनमधून क्षारचूर्ण देण्याची चिकित्सा प्रचारांत आणली. पुष्कळांस बरें वाटलें. परंतु १९२३ पर्यंत असे रोगी दिसूं लागले कीं, ज्यांस डोकेदुखी, मळमळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड जडला होता. दूध आणि क्षार यांच्या अतिरेकानें रक्तांत चुना आणि क्षार वाढून हें घडत होतें. औषधांच्या या इतिहासांतील हा पहिला मोठा धडा: दूध आणि सोडा यांसारख्या निरुपद्रवी वस्तूंसही मर्यादा असते.

खरी क्रांति पुढें झाली. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १९६४ पासून इंग्लंडांत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेंत नव्या दिशेनें शोध चालविला. हिस्टामिन हें द्रव्य जठरास आम्ल स्रवण्याचा हुकूम देतें. तेव्हां आम्ल मारण्यापेक्षां तो हुकूमच अडवावा, अशी त्याची दृष्टि होती. शेंकडों द्रव्यें तयार करून पाहिल्यावर १९७२ सालीं बुरिमामाइड जाहीर झालें. पण तें तोंडानें घेतल्यास पुरेसें उपयोगी पडेना. दुसरें द्रव्य मेटियामाइड चांगलें ठरलें, परंतु कांहीं रोग्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या, म्हणून तें सोडावें लागलें. तिसरें सिमेटिडीन १९७६ च्या नोव्हेंबरांत ब्रिटनमध्यें विक्रीस आलें. ज्यांच्या जठराचा भाग पूर्वीं शस्त्रक्रियेनें काढावा लागत असे, असे असंख्य रोगी गोळ्यांनीं बरे होऊं लागले. १९८८ सालीं ब्लॅक यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तथापि सिमेटिडीन इतर औषधांच्या निचऱ्यास अडथळा करतें, हेंही लवकरच दिसलें. रक्त पातळ करणारें वॉरफरिन घेणारांस त्याचा धोका विशेष. १९८१ मध्यें आलेल्या रॅनिटिडीनमध्यें हा दोष फारच कमी होता आणि तें भारतांत घरोघरीं पोंचलें. पण २०१९ सालीं त्याच्या गोळ्यांत कर्करोगजनक ठरूं शकणारी एक अशुद्धि आढळली. एप्रिल २०२० मध्यें अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें तें बाजारांतून काढण्यास सांगितलें, आणि २०२२ सालीं भारताच्या आवश्यक औषधांच्या यादींतून तें वगळण्यांत आलें.

दरम्यान स्वीडनमध्यें १९७९ सालीं ओमेप्राझोल तयार झालें होतें. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर ढकलणारा एक सूक्ष्म पंप असतो. हें औषध त्या पंपासच कुलूप घालतें. मात्र पंप चालूं असेल तरच कुलूप बसतें, आणि पंप चालूं होतो तो जेवणानें. म्हणून ही गोळी जेवणापूर्वीं अर्धा तास घ्यावयाची असते. भरल्या पोटीं घेतल्यास ती बरीचशी वायां जाते. या औषधाची चाचणी १९८४ मध्यें थांबली होती, कारण आयुष्यभर मोठी मात्रा दिलेल्या उंदरांच्या जठरांत गांठी आढळल्या. त्या गांठी आम्ल पूर्ण दबल्यानें वाढलेल्या एका अंतःस्रावामुळें होतात, असा उलगडा झाल्यावर १९८८ सालीं औषध विक्रीस आलें. त्याचें नांव 'लोसेक' हें 'लेसिक्स' या मूत्रल औषधाशीं गोंधळविलें जाऊं लागलें, म्हणून अमेरिकेंत तें बदलावें लागलें. दुकानदारानें दिलेलें नांव ताडून पाहावें, हें त्यावरून शिकण्यासारखें आहे.

ज्या आम्लावर इतका खटाटोप झाला, तें व्रणाचें मूळ कारण नव्हतेंच, हें ऑस्ट्रेलियांतील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनीं दाखविलें. बहुतेक जठरव्रणांच्या मागें एक जंतु असतो, हें सिद्ध करण्यासाठीं मार्शलनें १९८४ मध्यें त्या जंतूंचें पाणी स्वतः पिऊन पोटाचा दाह ओढवून घेतला. दोघांस २००५ सालीं नोबेल मिळालें. नुसती आम्लाची गोळी घेऊन असा व्रण दबतो आणि पुन्हां उठतो. जंतु मारल्यावर तो बहुधा परत येत नाहीं.

आज ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या भारतांत कागदोपत्रीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्याच्या नाहींत. तरी त्या सहज मिळतात आणि वर्षानुवर्षें घेतल्या जातात. अमेरिकेंत चिठ्ठीवांचून मिळणाऱ्या ओमेप्राझोलच्या डबीवर, चौदा दिवसांहून अधिक घेऊं नये आणि चार महिन्यांच्या आंत पुन्हां घेऊं नये, असा इशारा छापलेला असतो. २०१० ते २०१२ या काळांत तेथील खात्यानें दीर्घ सेवनाशीं जोडलेले हाडें मोडणें, रक्तांतील मॅग्नेशियम घटणें व आंतड्यांतील एका जंतूचा अतिसार, यांविषयीं इशारे दिले. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगांत १२० निरोगी माणसांपैकीं कांहींस आठ आठवडे अशी गोळी देऊन बंद केली, तेव्हां त्यांतील ४४ टक्क्यांस जळजळ वगैरे लक्षणें दिसलीं. नुसती पोकळ गोळी घेणारांत हें प्रमाण १५ टक्के होतें. म्हणजे गोळी एकाएकीं सोडली कीं दबलेलें आम्ल उसळतें, आणि "गोळीवांचून चालतच नाहीं" असा भ्रम होतो. म्हणून दीर्घ काळ घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू कमी करावी लागते.

याचा अर्थ या गोळ्या वाईट, असा नव्हे. रक्तस्राव झालेला व्रण, किंवा सांधेदुखीसाठीं वेदनाशामकें घेणारा वृद्ध, यांचे प्राण त्या वाचवितात. अशा रोग्यानें भीतीनें त्या सोडूं नयेत. उलट गिळतांना अन्न अडकणें, वजन घटणें, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यांपैकीं कांहीं दिसल्यास गोळीनें बरें वाटत असलें तरी ताबडतोब तपासणी करावी, कारण गोळी कर्करोगाचीं लक्षणेंही कांहीं काळ झांकूं शकते. छातींतील कळ हातांत किंवा जबड्यांत जाऊं लागली आणि घाम फुटला, तर तें पित्त न समजतां रुग्णालय गांठावें.

सोड्यापासून पंपाच्या कुलुपापर्यंतच्या या दोनशे वर्षांत प्रत्येक औषधानें प्रथम दिलासा दिला आणि मग आपली मर्यादा दाखविली. आपले पूर्वज पोटांतील या शक्तीस जठराग्नि म्हणत. घरांतील चुलीप्रमाणें हा अग्नि भडकूं देऊं नये, आणि विनाकारण विझवूंही नये. कोणत्या कारणासाठीं, किती दिवस आणि केव्हां थांबवावयाची, हीं तीन उत्तरें डॉक्टरांकडून घेतल्यावरच डबी उशाजवळ ठेवावी.