बागेचा धनी कोण?

पर्वतीच्या पायथ्याशी आज जेथे सारसबागेची हिरवळ आहे, तेथे पूर्वी तळे होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी ते बांधविले. तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ साली गणपतीची स्थापना केली. हौस धन्याची आणि खर्चही धन्याचाच, असा तो काळ!

१८१८ साली पेशवाई बुडाली. पुढे दानशूर मंडळी आली. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला आणि त्याच्या काठची बाग ‘बंड गार्डन’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९५० साली पुण्याची महापालिका झाली, १९५३ साली पेशवे पार्क झाले. आता बागेचा धनी कोण? वाचकहो, आपणच! परंतु धनी म्हणवून घ्यावयाचे, तर हिशेबाच्या वहीतही डोकावले पाहिजे. नव्या बागेचे उद्‌घाटन थाटात होते. माळ्याच्या पगाराला आणि फुटक्या नळाला हार कोण घालणार?

२००६ सालापासून पुणेकरांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातील लहानसहान कामे सुचविता येऊ लागली. बागेतले बाक, दिवे, पायवाट यांसाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावयाचा. मात्र एकट्याचा अर्ज फायलीत निजून राहण्याची भीती असते. चार शेजाऱ्यांनी मिळून दिला, की त्याची विचारपूस करावयास चार माणसे जातात. संध्याकाळी बाकावर जमणाऱ्या आजोबांनी आणि झोपाळ्यापाशी उभ्या असलेल्या आयांनी गप्पांच्या ओघात एवढा विषय जरूर काढावा.