युद्धोत्तर जपानी लोकप्रिय गीतांतील करुणभाव : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

जपानमधील लोकप्रिय गीतांचा विचार करताना त्यांतील हुरहूर, विरह आणि संयत शोक यांचा उल्लेख हमखास होतो. ही गीते श्रोत्याच्या मनाला का भिडतात, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'जपानी स्वभाव' या एका शब्दात दिले जाते. अठराव्या शतकातील विद्वान मोतोओरी नोरिनागा यांनी मांडलेल्या 'मोनो नो आवारे', म्हणजे वस्तुमात्राच्या क्षणभंगुरतेने मनात दाटून येणारा भाव, या संकल्पनेचा आधारही त्यासाठी घेतला जातो. तथापि राष्ट्रीय स्वभाव हे ऐतिहासिक घटनेचे स्पष्टीकरण होऊ शकते काय, हा मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात १९४५ ते १९८९ या कालखंडातील काही निवडक गीतांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या गीतांतील करुणभाव विशिष्ट सामाजिक अनुभवांतून आणि विशिष्ट संगीतरचनेतून घडला आहे.

पूर्वपीठिका

आधुनिक जपानी लोकप्रिय गीताचा आरंभ सामान्यतः १९१४ सालापासून मानला जातो. त्या वर्षी टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवर आधारित नाटकात अभिनेत्री मात्सुई सुमाको यांनी गायिलेले 'काच्युशाचे गाणे' देशभर पसरले. त्याचे संगीतकार नाकायामा शिम्पेई होते. रशियन कादंबरी, पाश्चात्त्य धर्तीचे नाटक आणि जपानी चाल अशी सरमिसळ या प्रवाहाच्या उगमापाशीच दिसते.

या गीतांचा स्वरपाया 'योनानुकी' या नावाने ओळखला जातो. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात आणि 'नुकी' म्हणजे वगळणे. पाश्चात्त्य सप्तकातील चौथा व सातवा स्वर वगळून ही पंचस्वरी रचना तयार होते. तिच्या शुद्ध रूपात सा, रे, ग, प, ध हे स्वर उरतात. मराठी रसिकांना परिचित असलेल्या भूप रागाचे स्वर हेच होत. तिच्या दुसऱ्या रूपात गंधार व धैवत कोमल होतात आणि चालीला व्याकूळ छटा येते. कोगा मासाओ यांनी १९३१ मध्ये रचलेल्या 'साके वा नामिदा का तामेइकी का' (मद्य म्हणजे अश्रू की सुस्कारा) या गीतात ही छटा आढळते. शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले गायक फुजियामा इचिरो यांनी ते मायक्रोफोनच्या जवळ हळुवार आवाजात गायिले. विद्युत ध्वनिमुद्रणामुळे गायकाला सभागृह भरून टाकणारा आवाज लावण्याची गरज उरली नाही. गायक जणू एकट्या श्रोत्याशी बोलू लागला. या गीतांतील जिव्हाळ्याचा एक भाग या तांत्रिक बदलाचे फलित आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

पराभवानंतरचे गीत

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झालेल्या 'सोयोकाझे' या चित्रपटातील 'रिंगो नो उता' (सफरचंदाचे गाणे) हे युद्धोत्तर काळातील पहिले अत्यंत लोकप्रिय गीत ठरले. गीतकार सातो हाचिरो, संगीतकार मान्जोमे तादाशी आणि गायिका नामिकी मिचिको होत्या. १० मार्च १९४५ रोजी तोक्योवर झालेल्या हवाई हल्ल्यात सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. त्यांत नामिकी यांची आई होती. वडील व भाऊही युद्धाने हिरावून नेले होते.

या गीतात युद्धाचा, मृत्यूचा किंवा उपासमारीचा उल्लेखच नाही. त्यात आहे ते एक लाल सफरचंद आणि त्याविषयीचे निरागस प्रेम. तरीही अन्नान्न दशेतील, जळालेल्या शहरांतील लोकांनी ते हृदयाशी धरले. जे गमावले त्याचा उच्चार न करता, जे पुन्हा लाभावे असे वाटते त्याचे नाव घेणे, ही या गीताची शक्ती होती. श्रोत्याने आपले दुःख त्या मोकळ्या जागेत स्वतःच भरले. भारतीय काव्यशास्त्रात भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, त्याच्याशी ही प्रक्रिया मिळतीजुळती आहे. व्यक्तीचे दुःख तपशिलातून सुटते आणि सर्वांना आस्वाद्य होते.

स्थलांतर आणि उएनो स्थानक

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून जपानच्या आर्थिक विकासाने वेग घेतला. कारखाने व दुकाने यांना मनुष्यबळ हवे होते. ईशान्येकडील तोहोकू प्रदेशातून, माध्यमिक शाळेचा पहिला टप्पा नुकताच संपविलेली पंधरा वर्षांची मुले-मुली खास रेल्वेगाड्यांनी सामूहिकरीत्या तोक्योस येऊ लागली. या 'शुदान शूशोकू', म्हणजे सामूहिक नोकरभरतीच्या गाड्या १९५४ पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धावत होत्या. उद्योजक या मुलांना 'सोन्याची अंडी' म्हणत. या शब्दप्रयोगात त्यांचे मोल होते, पण त्यांचे बालपण नव्हते.

तोहोकूहून येणाऱ्या गाड्या तोक्योतील उएनो स्थानकावर थांबत. १९६४ मध्ये, म्हणजे तोक्यो ऑलिम्पिकच्याच वर्षी, इझावा हाचिरो यांचे 'आ उएनो एकी' (अहा, उएनो स्थानक) हे गीत प्रसिद्ध झाले. इझावा स्वतः उत्तरेकडील आओमोरी प्रांतातील होते. जगासमोर समृद्धीचे दर्शन घडविणाऱ्या त्या वर्षी या गीताने समृद्धीची किंमत मोजणाऱ्यांना आवाज दिला. त्या पिढीने ते आपले आत्मचरित्रच मानले. उएनो स्थानकाबाहेर आज या गीताचे स्मारक उभे आहे.

अश्रू आवरण्याचे गीत

१९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुधारित सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झाले. १५ जून रोजी काम्बा मिचिको ही विद्यार्थिनी संसदेच्या आवारातील संघर्षात मरण पावली आणि १९ जून रोजी करार आपोआप संमत झाला. आंदोलनात सहभागी झालेले गीतकार एइ रोकुसुके यांच्या त्या वेळच्या वैफल्याशी १९६१ च्या 'उए ओ मुइते अरुको' (वर पाहत चालू या) या गीताचा संबंध जोडला जातो. संगीत नाकामुरा हाचिदाई यांचे, तर गायक साकामोतो क्यू होते. अश्रू ओघळू नयेत म्हणून वर पाहत एकट्याने चालणे, एवढीच त्याची कल्पना आहे. राजकीय पराभवाचा मागमूसही शब्दांत नाही. त्यामुळे विरही प्रेमिक, घरापासून दुरावलेला कामगार आणि हताश विद्यार्थी या सर्वांना ते आपले वाटले.

जून १९६३ मध्ये हे गीत, जपानी भाषेतच, अमेरिकेतील बिलबोर्ड क्रमवारीत सलग तीन आठवडे प्रथम स्थानी राहिले. तेथे त्याला 'सुकियाकी' या खाद्यपदार्थाचे असंबद्ध नाव देण्यात आले होते. शब्दार्थ न कळणाऱ्या श्रोत्यांनाही गीत भावले, याचा अर्थ त्याचा परिणाम केवळ शब्दांवर अवलंबून नव्हता. पावलांच्या गतीची लय, त्यात मिसळलेला विषाद आणि अखेरची शीळ यांतून आनंद व दुःख एकाच वेळी प्रतीत होतात. साकामोतो यांची गायकी रॉकॅबिली संगीतात घडलेली होती. म्हणजेच 'अस्सल जपानी' मानल्या गेलेल्या या विषादाच्या उच्चारणात एल्व्हिस प्रेस्लीच्या शैलीचाही वाटा होता.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात ५२० जण मृत्युमुखी पडले. त्यांत साकामोतो यांचाही समावेश होता. त्यानंतर या गीताला श्रद्धांजलीचा अर्थ प्राप्त झाला. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर जपानमध्ये ते पुन्हा सर्वत्र गायिले गेले. शब्द तेच राहिले. अर्थ मात्र प्रत्येक आपत्तीने वाढविला.

'जपानचे हृदय' या कल्पनेची घडण

'एन्का' हा गीतप्रकार आज 'जपानचे हृदय' म्हणून गौरविला जातो. हा शब्द मात्र मुळात १८८० च्या दशकातील लोकाधिकार चळवळीच्या राजकीय प्रचारगीतांसाठी वापरला जात असे. विरह, बंदर, मद्य व मायभूमी यांची गीते या अर्थाने तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. संगीत-इतिहासकार वाजिमा यूसुके यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात ही परंपरा अर्वाचीन असल्याचे साधार दाखविले आहे. एन्काची सम्राज्ञी मानल्या गेलेल्या मिसोरा हिबारी यांनी आरंभीच्या काळात बूगी-वूगी आणि जॅझही गायिले होते, ही बाब येथे उद्बोधक ठरते. त्यांचे 'कावा नो नागारे नो यो नी' (नदीच्या प्रवाहासारखे) हे गीत जानेवारी १९८९ मध्ये, शोवा सम्राटांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांनी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २४ जून रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी हिबारी यांचे निधन झाले. युगान्त आणि गायिकेचा अंत हे दोन्ही अर्थ त्या गीताला चिकटले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, ही गीते दुःखाचे कारण सांगत नाहीत, त्यामुळे श्रोत्याला स्वतःचे कारण त्यात ठेवता येते. दुसरी, त्यांचे स्वर, वाद्ये व गायकी देशी-परदेशी मिश्रणातून सिद्ध झाली आहेत. तिसरी, त्यांची परिणामकारकता युद्ध, स्थलांतर, राजकीय वैफल्य आणि नैसर्गिक आपत्ती या सामूहिक अनुभवांशी निगडित आहे. या करुणभावाला राष्ट्रीय स्वभाव म्हटले की नामिकी यांची आई, उएनोला उतरलेली पंधरा वर्षांची मुले आणि काम्बा मिचिको ही सारी माणसे दृष्टीआड होतात. इतिहासाच्या अभ्यासकाने गीत ऐकताना त्यामागील या माणसांचा शोध घेतला पाहिजे. लोकप्रिय गीत हे इतिहासाचे दुय्यम साधन मानले जात असले, तरी ज्यांनी कागदपत्रे मागे ठेवली नाहीत त्यांच्या मनाचा लेखाजोखा अनेकदा तेथेच सापडतो.