फाइल पाठवण्याची आज्ञा आणि मराठी ‘ऊ’

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर कशी न्यावी, याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत अभय भूषण यांनी लिहिला. ते कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. नवी मुंबई तेव्हा जेमतेम वर्षभराच्या सिडकोच्या कागदांवर होती. पुढे १९८६ पासून अर्नेटच्या उभारणीत असलेली मुंबईची एनसीएसटी ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅकचे एक आवार आज खारघरला आहे.

भूषण यांच्या मसुद्यातून वाढलेल्या ‘एफटीपी’ला आज्ञा द्यायची ती एका ओळीत. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते; येथे ते आरंभी येते, मग आडवी रेघ देऊन एकेक अक्षर. ‘-एन’ म्हणजे आपण होऊन प्रवेश करू नकोस. ‘-आय’ म्हणजे प्रत्येक फाइलीला थांबून विचारू नकोस. विंडोजमध्ये ‘-एस’पुढे आज्ञांच्या फाइलीचे नाव दिले की रात्री माणसावाचून काम होई. मात्र मजकूर जसाच्या तसा न्यावा की ओळींचे शेवट बदलून, हे सांगणारे अक्षर या आरंभीच्या ओळीत नव्हते. ते आत शिरल्यावर ‘बायनरी’ असे लिहून सांगावे लागे. न सांगितल्यास फाइल इंग्रजी टंकलिखित आहे असे गृहीत धरले जाई.

हे गृहीतक मराठीच्या मुळावर कसे येई, ते पाहण्यासारखे आहे. युनिकोडमध्ये ‘ऊ’चा क्रमांक ०९०अ, येथे अ म्हणजे षोडशमान पद्धतीतले दहा. नोटपॅड ज्याला नुसते ‘युनिकोड’ म्हणे, त्या दोन-बाइटी साठवणीत या अक्षराचा एक बाइट नेमका ‘ओळ संपली’ या खुणेसारखा असतो. युनिक्स सर्व्हर अशी फाइल मजकूर म्हणून पाठवताना त्या बाइटाआधी आणखी एक बाइट घुसडतो. मग पुढच्या साऱ्या जोड्या एका घराने सरकतात, आणि ‘ऊस’मधल्या ‘स’च्या जागी चिनी वळणाचे चिन्ह उमटते. पुढची तशी खूण येईपर्यंत परिच्छेदच्या परिच्छेद परका होतो. (ओळीच्या खऱ्या शेवटानेही हेच होते; पण ‘ऊन’, ‘ऊब’ या शब्दांनी ते व्हावे, हे अधिक लागते.)

१९९८ च्या ‘कर्ल’ने क्रम उलटवला: न सांगता फाइल जशीच्या तशी, आणि ओळी बदलायच्या असतील तरच ‘-बी’. यूटीएफ-८ मध्ये ‘ऊ’ला तीन बाइट लागतात आणि त्यांतला एकही त्या खुणेशी जुळत नाही. २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स यांनी एफटीपी वगळले.

आकृती, श्रीलिपी यांच्या जुन्या फाँटांत जुळवलेली हस्तलिखिते मात्र यातल्या कशानेच सावरली नाहीत. ती बायनरीने सुखरूप पोचतात, एक बाइटही न हलता. मात्र तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची रास दिसते.