दंतवैद्यकाची पायरी आणि गुणांचे माप

बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या शिक्षकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. मुलगी हुशार आहे, दातांची डॉक्टर व्हायचे तिच्या मनात आहे. वडील गुणपत्रिका घेऊन शाळेत येतात आणि म्हणतात, "गुरुजी, पन्नास पर्सेंटाइल लागतात म्हणे. आमच्या पोरीला तर एकाहत्तर टक्के पडलेत. मग झालंच की काम!" गुरुजी क्षणभर थबकतात. प्रश्न साधा दिसतो खरा, पण त्यात दोन निराळी मापे एकत्र कालवली गेली आहेत. या घोटाळ्यापायी पोरीचे एक वर्ष फुकट जाऊ शकते. म्हणून ही मापे आली कुठून, ते आज जरा पाहू.

दात काढणे हे पूर्वी शाळेत शिकायचे काम नव्हतेच. आपल्याकडे जत्रेत वैदू चिमटा घेऊन बसे. तिकडे युरोप-अमेरिकेत न्हावी नि लोहारही हे काम करीत. शिकायचे ते उस्तादाच्या हाताखाली, आणि परीक्षा एकच : गिऱ्हाईक पुन्हा येते की नाही. दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र कॉलेज १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे निघाले. पहिल्या वर्गात विद्यार्थी पाच, आणि १८४१ साली पदवी मिळाली ती दोघांना. गर्दीच नाही, तिथे रांग कसली!

पण रांग नसली तरी दारावर पहारा होता. लूसी हॉब्स नावाच्या एक शिक्षिका होत्या. आपल्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे नाव ध्यानात ठेवावे. मिशिगनमध्ये दहा वर्षे शाळा शिकवून त्यांनी वैद्यक शिकायचे ठरवले. सिनसिनाटीच्या वैद्यकीय कॉलेजाने नकार दिला. मग त्या दंतवैद्यकाकडे वळल्या, तर १८६१ साली ओहायोच्या दंतवैद्यक कॉलेजानेही दार लावून घेतले. कारण एवढेच, की अर्ज बाईचा होता. त्यांना किती येते, हे कुणी विचारलेसुद्धा नाही. बाई डगमगल्या नाहीत. एका दंतवैद्याच्या हाताखाली काम शिकल्या, स्वतःचा दवाखाना थाटला, पुढे आयोवा राज्यात जाऊन नाव कमावले. १८६५ साली आयोवाच्या दंतवैद्यांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतले, आणि त्याच वर्षी पूर्वीच्याच कॉलेजाला आपला हट्ट सोडावा लागला. गंमत पाहा, कॉलेजाने त्यांची दवाखान्यातली वर्षे शिक्षणात धरली आणि त्यांना थेट वरच्या वर्गात बसवले. २१ फेब्रुवारी १८६६ रोजी त्यांना पदवी मिळाली. दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. कॉलेज तेच, बाईही त्याच. बदलले ते मोजायचे माप.

पुढे अर्ज वाढले आणि गुणांना महत्त्व आले. पण गुण तरी किती भरवशाचे? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टार्च आणि इलियट या दोघा अध्यापकांनी १९१२-१३ च्या सुमारास एक मासलेवाईक प्रयोग केला. भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला धाडली. कुणी शंभरापैकी तिसाच्याही आत गुण दिले, कुणी नव्वदाच्या वर! निबंधाचे सोडा हो, इथे तर साधी भूमिती होती. कुणाला पायऱ्या हव्या होत्या, कुणाला नुसते उत्तर, तर कुणाला टापटीप. तपासणाऱ्या हाताप्रमाणे गुण हलतात, हे तेव्हा उघड झाले, आणि सर्वांना एकच प्रश्न, एकच उत्तरसूची, अशा परीक्षांकडे लोक वळले.

अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने १९५० च्या सुमारास अशी देशव्यापी प्रवेशपरीक्षा सुरू केली. तीत रसायन, जीवशास्त्र तर होतेच, पण उमेदवाराच्या हातात खडूची एक कांडी आणि सुरीही देत. दिलेल्या नमुन्याबरहुकूम खडू कोरून दाखवायचा! दाताचे काम शेवटी बोटांचे, म्हणून बोटांची परीक्षा. १९७२ साली हा खडू बंद झाला. माझ्या मते कल्पना वाईट नव्हती, पण हजारो खडू तपासायचे तर पुन्हा तपासणाऱ्याच्या नजरेचा प्रश्न आलाच.

आता आपल्या देशाकडे येऊ. ज्या आयोवात लूसीबाईंनी नाव कमावले, तिथल्याच विद्यापीठातून डॉ. रफीउद्दीन अहमद १९१५ साली दंतवैद्य झाले. मायदेशी परतून त्यांनी १९२० साली कलकत्त्याला देशातले पहिले दंतवैद्यक कॉलेज काढले, आणि त्याच्या खर्चासाठी चक्क सोडावॉटरचे दुकान चालवले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतवैद्यक कॉलेज १९३३ चे. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, १९४९ साली भारतीय दंतपरिषद स्थापन झाली, आणि कॉलेजांना एक शिस्त आली. प्रवेशाचे माप मात्र बराच काळ राज्याराज्यात निराळे राहिले. २०१३ साली देशभर एकच ‘नीट’ परीक्षा झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१६ साली आपला तो निकाल मागे घेतला. त्याच साली दंतवैद्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ही सामायिक परीक्षा दंतवैद्यकालाही लागू झाली.

आता त्या वडिलांचा प्रश्न. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. हा झाला उंबरठा. तो ओलांडला की बारावीच्या गुणांचे काम संपले. ७१ काय नि ९१ काय, रांगेत फरक पडत नाही. रांग लागते ती ‘नीट’च्या ७२० गुणांवर. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक वजा.

आणि पर्सेंटाइल? शिक्षकहो, प्रार्थनेला मुले उंचीप्रमाणे उभी करा. शंभर मुलांत मधोमध उभा असलेला पन्नासाव्या पर्सेंटाइलच्या आसपास. त्याची उंची किती, हे त्यावरून मुळीच कळत नाही. टक्के म्हणजे फूटपट्टी, पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. म्हणून तर खुल्या वर्गाची पन्नासाव्या पर्सेंटाइलची रेघ २०२२ साली ७२० पैकी ११७ गुणांवर होती आणि २०२३ साली १३७ वर. पर्सेंटाइल तेच, पण एका वर्षात रेघ वीस गुणांनी वर सरकली. ११७ म्हणजे टक्क्यांत जेमतेम सोळा!

ही रेघ दगडावरचीही नाही. २०२०-२१ मध्ये देशात दंतवैद्यकाच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितले. बरे, रेघ ओलांडली म्हणजे जागा मिळाली असेही नव्हे. ओलांडली म्हणजे रांगेत उभे राहायचा हक्क मिळाला. सरकारी कॉलेजातल्या शंभरांपैकी पंधरा जागा देशभरच्या रांगेला आणि पंच्याऐंशी राज्याच्या रांगेला, असा हिशेब असतो. तेव्हा वडिलांनी गुरुजींपुढे दोन कागद ठेवावेत. बारावीच्या गुणपत्रिकेवर तीन विषयांची बेरीज पाहायची. ‘नीट’च्या निकालावर पर्सेंटाइलच्या आकड्याने हुरळून न जाता क्रमांक पाहायचा, आणि मागल्या वर्षी आपल्या प्रवर्गात कोणत्या कॉलेजची जागा कितव्या क्रमांकावर संपली, ते त्याच्याशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवायचे.