सामायिक फलक, सामायिक माप

भूप्रदेशाच्या मध्यभागी वसलेल्या नगरांवर इतिहास एक विशेष जबाबदारी टाकतो: चारी दिशांकडून येणाऱ्या मंडळींना एकत्र बसवावयाचे आणि त्यांच्या भिन्न भिन्न हिशेबांतून सर्वांना मान्य होईल असा एक आराखडा उभा करावयाचा. नागपूरने ही जबाबदारी अनेकदा वाहिली आहे. आज खापरीजवळच्या मिहानमध्ये आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये बसणारे तरुण अभियंते ऑनलाइन व्हाइटबोर्डवर, म्हणजे दूरदूरच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत भरत जाणाऱ्या पडद्यावरील फलकावर, जे काम करतात, ते साधनाच्या दृष्टीने नवे असले, तरी कार्य म्हणून त्याला या नगरात जुने पूर्वज आहेत. आणि त्या पूर्वजांचा वृत्तांत पाहिला म्हणजे अनेकांनी मिळून आरंभिलेले काम कशाने तडीस जाते, याचा उलगडा होतो.

1854 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तोवर नागपूरचा कारभार मोडी दप्तरांतून चालत असे. मराठी राज्यपद्धतीत महत्त्वाचा कागद एका हातून पुरा होत नसे. चिटणिसाने मसुदा बांधावा, संबंधित अधिकाऱ्यांनी आपापल्या निशाण्या कराव्यात, बारनिशीत त्याची नोंद व्हावी, आणि अखेरीस शेवटच्या ओळीला लागूनच मोर्तबाचा शिक्का उठवावा, म्हणजे मागाहून कोणास एक अक्षरही वाढविता येऊ नये, असा त्याचा रिवाज होता. कागद अनेकांचा असूनही प्रत्येक निशाणीचा धनी कोण हे स्पष्ट असे आणि काम कोठे संपले हेही स्पष्ट असे. या दोन गोष्टींच्या बळावर दप्तरावर विश्वास ठेवता येई.

1861 साली मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, आणि दप्तराची जागा फायलीने घेतली. कारकुनाच्या टिपणीवर एकेका अधिकाऱ्याचा शेरा चढत जाई, आणि फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाईपर्यंत बाकीच्यांना थांबावे लागे. बांधकाम खात्यातील नकाशांची अडचण याहून बिकट होती. नक्षानवीस ट्रेसिंग कापडावर शाईने मूळ नकाशा उतरवीत, त्यावरून निळ्या प्रती काढल्या जात आणि त्या ठिकठिकाणी रवाना होत; परंतु एका प्रतीवर तांबड्या पेन्सिलीने केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर काही आपोआप उमटत नसे. सर्वांनी एकाच वेळी एकाच नकाशावर विचार करावयाचा, तर सर्वांनी एका गावी येऊन बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तसा प्रसंग डिसेंबर 1943 मध्ये आला. त्याची पूर्वपीठिका एका मराठी माणसाच्या नावाशी निगडित आहे. मोटारींची वर्दळ वाढली, रस्त्यांचा खर्च मात्र प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या तुटपुंज्या तिजोऱ्यांवर पडला, म्हणून 1927 साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली. रस्ते हा सबंध देशाचा प्रश्न आहे, असा कौल तिने दिला; त्यातून 1929 साली केंद्रीय रस्ते निधी आणि 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था अस्तित्वात आली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, लष्करी वाहनांच्या भाराने रस्त्यांची दैना झाली, आणि युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा विचार सुरू होताच प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरास एकत्र आले.

त्यांच्यापुढे पेच मोठा होता. कोठे दाट वस्तीचा सुपीक मुलूख, कोठे अरण्य, कोठे वाळवंट. प्रत्येक मुलखाची गरज निराळी आणि मागणी अर्थातच मोठी. नुसता हिंदुस्थानचा नकाशा पसरून ज्याने त्याने आपापल्या रेघा ओढल्या असत्या, तर वजनदार प्रांताची रेघ ठळक आणि दुबळ्याची फिकट झाली असती. म्हणून परिषदेने रेघांच्या आधी माप ठरविले. रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, मोठे जिल्हारस्ते, इतर जिल्हारस्ते आणि ग्रामरस्ते असे पाच वर्ग पाडले, आणि कोणत्या मुलखाला किती मैल रस्ता मिळावा याचे सूत्र बांधले.

हे सूत्र जवळून पाहण्याजोगे आहे. लागवडीच्या प्रदेशात दर 5 चौरस मैलांस 1 मैल, इतर प्रदेशात दर 20 चौरस मैलांस 1 मैल, 2001 ते 5000 वस्तीच्या प्रत्येक गावामागे 1 मैल आणि त्याहून मोठ्या प्रत्येक गावामागे 5 मैल, अशी मुख्य रस्त्यांची बेरीज करावयाची. पुढील वीस वर्षांच्या वाढीसाठी तीत 15 टक्के मिळवावयाचे. आणि त्या मुलखातील लोहमार्गाची लांबी तीतून वजा करावयाची, कारण आगगाडी जे ओझे वाहते त्यासाठी दुबार खर्च नको. समजा, एखाद्या तालुक्यात 100 चौरस मैल लागवडीची जमीन, 2001 ते 5000 वस्तीची 6 गावे, त्याहून मोठी 1 बाजारपेठ आणि 10 मैल लोहमार्ग आहे. 20, 6 आणि 5 मिळून 31 मैल होतात, वाढीव टक्क्यांसह ते साडेपस्तिसांच्या घरात जातात, आणि लोहमार्ग वजा जाता सुमारे साडेपंचवीस मैल मुख्य रस्ता त्या तालुक्याच्या हक्काचा ठरतो. खालच्या वर्गांच्या रस्त्यांसाठी निराळे सूत्र होते, आणि त्यात 500 हून कमी वस्तीच्या खेड्यासाठीही मैलाचा पाचवा हिस्सा राखून ठेवलेला होता. ज्या खेड्याचे नाव त्या परिषदेत कोणी उच्चारले नसेल, त्याचीही गणना त्या मापाने केली, हे मला त्या परिषदेचे सर्वांत मोठे पुण्य वाटते.

मोठी नगरे ताऱ्यांसारखी मानून त्यांतून चहूकडे मार्ग काढावयाचे आणि ताऱ्यांमधील अवकाश जाळीने भरावयाचा, अशी ती रचना होती. वीस वर्षांत सुमारे 3,31,000 मैल रस्ते, म्हणजे दर 100 चौरस किलोमीटरला 16 किलोमीटर, हे लक्ष्य ठरले. 1 एप्रिल 1947 पासून राष्ट्रीय महामार्गांचा भार केंद्राने उचलला, आणि लांबीचे लक्ष्य तर 1961 पर्यंतच ओलांडले गेले. स्थापत्याचे विद्यार्थी आजही ही योजना ‘नागपूर योजना’ याच नावाने शिकतात.

तथापि तिच्या यशाइतकीच तिची उणीवही बोधप्रद आहे. ग्रामरस्ता त्या सूत्रात मुळातच बिनखडीचा धरलेला होता. साहजिकच नकाशावर जोडलेली असंख्य खेडी पावसाळ्याच्या चिखलात पुन्हा तुटत राहिली, आणि बारमाही रस्त्याचा आग्रह धरणारी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना यावयास डिसेंबर 2000 उजाडावे लागले. मापात जे धरले जात नाही ते कामातही उतरत नाही, हा अनुभव देशाने सुमारे अर्धशतक घेतला.

सर्वांनी एका गावी येण्याची सक्ती संपविण्याचा उद्योग दरम्यान परदेशात सुरू झाला होता. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी मैलोगणती दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखविले. दोघांनी एकाच क्षणी एकाच मजकुरात फेरफार केल्यास कोणाचे काय धरावे, या पेचावर एलिस आणि गिब्ज या संगणक-संशोधकांनी 1989 साली नियम सुचविला. 2011 साली आरंभ झालेल्या आणि पुढे मिरो या नावाने प्रसिद्धीस आलेल्या फलकावर एकाने नागपुरात हलविलेली स्टिकी नोट दुसऱ्याच्या पडद्यावर तत्काळ हलते, ती अशाच पूर्वनियोजित नियमांमुळे. मार्च 2020 च्या टाळेबंदीत कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हा कित्येकांचे काम याच साधनाने चालू राहिले.

यंत्राच्या पातळीवर हा फलक मापाने बांधलेला आहे. माणसांच्या पातळीवर मात्र ते माप आपणच आणावे लागते. फलकाला कडा नाही, त्यावर कितीही चिठ्ठ्या लावता येतात, आणि म्हणून शंभर चिठ्ठ्या लागल्या की विचार झाला, असा समज सहज होतो. शिवाय तो चिरस्थायीही नाही; गूगलचा जॅमबोर्ड 2024 च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा ज्यांनी आपले निर्णय वेळीच अन्यत्र उतरवून ठेवले नव्हते त्यांच्या हाती काय उरले असेल?

म्हणून सहकार्याने काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक मंडळाने तीन गोष्टी पाळाव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. चिठ्ठ्या लावण्यापूर्वी त्या कोणत्या मापाने तोलावयाच्या हे सर्वांनी मिळून ठरवावे, आणि बैठकीत ज्यांचा आवाज नाही त्यांचा हिस्सा त्या मापात आधीच धरावा. प्रत्येक शेऱ्याखाली त्याच्या धन्याचे नाव असावे. आणि ठरल्या दिवशी निर्णयावर मोर्तब करून तो फलकाबाहेरच्या पक्क्या दप्तरात नोंदवावा. नागपूरच्या अभियंत्यांना हा धडा कोठून उसना आणावा लागत नाही. तो त्यांच्या नगराच्या कारभारातच लिहिलेला आहे, आणि नव्या फलकावर तो गिरविण्याचा पहिला मान व पहिले कर्तव्यही त्यांचेच आहे.